तरंग-कण द्वैत : दृष्टांत आणि प्रमाण



आपल्या कुटुंबगटांवर एक संदेश वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतोच. चित्र बदलतं, मागचं संगीत बदलतं, मजकूर मात्र तोच. इलेक्ट्रॉन हा कणही आहे आणि लाटही आहे. आपण पाहिलं की तो कण होतो, नाही पाहिलं की लाट राहतो. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनानंच जग घडतं, हे विज्ञानानं सिद्ध केलंय आणि आपल्या ऋषींनी ते हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, कुणी 'अद्भुत' लिहितं, आणि संदेश पुढच्या गटात जातो.

वाचायला बरं वाटतं, कशाला उगाच खोड काढायची, असं कुणाला वाटेल. पण काही महिन्यांपूर्वी आमच्या इंदूरच्या महिला सत्संगात एका ताईंनी हाच संदेश दाखवून हळूच विचारलं, "म्हणजे माझं दुखणं माझ्याच विचारांनी आलं का हो? मीच काहीतरी वाईट चिंतत असेन, नाही?" त्यांच्यावर मोठ्या आजाराचे उपचार चालू आहेत. औषधांचा त्रास, येण्याजाण्याचा खर्च, घरातली ओढाताण हे सगळं आहेच. त्यावर हा अपराधीपणाचा भार. त्या दिवशी आम्हा सेवेकरी भगिनींच्या लक्षात आलं की हा संदेश निरुपद्रवी नाही. त्यात विज्ञान म्हणून जे सांगितलंय ते खरं आहे का, हे तपासायलाच हवं. आमच्यातल्या दोघींनी कॉलेजात फिजिक्स घेतलं होतं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. जुनी पुस्तकं काढली, काही नवी मागवली, दुपारची कामं आटोपून एकत्र बसून वाचली. जे उमगलं ते इथे देत आहोत. लेख लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात उजेडापासून करू.

उजेड म्हणजे नेमकं काय, यावर युरोपात दोन पक्ष होते. न्यूटन म्हणायचे, तो बारीक कणांचा झोत आहे. हायगेन्स म्हणायचे, लाटा आहेत. न्यूटनच्या नावाचा दबदबा एवढा की शंभर वर्षं कणांचीच बाजू वरचढ राहिली. मग आले लंडनचे डॉक्टर थॉमस यंग. नोव्हेंबर १८०३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग सांगितला. खिडकी बंद, तिला एक बारीक भोक, त्यातून येणारा उन्हाचा कवडसा, आणि त्या कवडशात धरलेली जाड कागदाची एक अरुंद पट्टी, रुंदी इंचाचा तिसावा भाग. पट्टीच्या दोन्ही कडांनी गेलेला उजेड पलीकडे एकत्र आला तेव्हा तिच्या सावलीतच उजळ आणि काळे असे पट्टे दिसले. एका बाजूचा उजेड अडवला की सावलीतले पट्टे गायब!

याचा अर्थ बघा. उजेडात उजेड मिसळला आणि काही जागी अंधार झाला. कणांच्या हिशेबात हे बसत नाही. चिमूटभर रांगोळीवर आणखी चिमूटभर रांगोळी टाकली तर ढीग वाढेल, नाहीसा कसा होईल? लाटांच्या हिशेबात मात्र सहज बसतं. परातीत पाणी घ्या आणि दोन बोटं थोड्या अंतरावर एकाच लयीत बुडवत राहा. दोन्हीकडच्या लहरींचे चढ जिथे भेटतात तिथे पाणी उसळतं, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो तिथे पाणी जवळजवळ शांत राहतं. मुलांच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. तर यंगनंतर उजेड म्हणजे लाट हे ठरलं, आणि पुढची शंभर वर्षं तसंच चाललं.

मग १९०५ साल उजाडलं. काही धातूंवर प्रकाश पडला की त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे माहीत होतं. विचित्र गोष्ट ही की लाल प्रकाश कितीही प्रखर करा, काही होत नाही; आणि जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश अगदी मंद असला तरी इलेक्ट्रॉन तत्काळ निघतात. पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाचं यंत्र असायचं, आठवतं? ठरलेलं नाणं टाकलं तरच तिकीट यायचं. त्याहून लहान नाणी मूठभर टाकली तरी ते ढिम्म हलायचं नाही. आइन्स्टाईन यांनी सांगितलं की प्रकाशाची ऊर्जा अशीच सुट्या नाण्यांसारखी येते. लाल नाणं लहान, जांभळं मोठं. १९२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नाही. आणि १९२४ मध्ये आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याला बसून, प्रकाश हा कणांचा समुदाय धरून प्लांकचं सूत्र नव्यानं काढून दाखवलं. तो निबंध त्यांनी आइन्स्टाईन यांना पाठवला आणि आइन्स्टाईन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापवून आणला. 'बोसॉन' हे नाव त्यांच्याचवरून पडलं.

म्हणजे पुन्हा कण जिंकला का? तर नाही. यंगचे पट्टे कुठे गेले नव्हते. ते आजही तसेच दिसतात.

त्याच १९२४ मध्ये पॅरिसला लुई द ब्रॉग्ली यांनी आपल्या प्रबंधात उलटा प्रश्न टाकला. ज्याला आपण लाट समजत होतो त्यात कणाचे गुण निघाले, मग ज्याला कण समजतो त्यात लाटेचे का निघू नयेत? तीन वर्षांत उत्तर मिळालं. अमेरिकेत डेव्हिसन आणि गर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले आणि ते लाटांसारखे ठरावीक दिशांनाच जास्त परतले. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज थॉमसन यांनी धातूच्या अगदी पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवले, तर पलीकडे वर्तुळांची नक्षी उमटली.

या जॉर्ज थॉमसन यांची घरची गोष्ट फार गोड आहे. त्यांचे वडील जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवलं होतं. वडिलांना १९०६ चं नोबेल मिळालं. मुलाला, तोच इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवल्याबद्दल, १९३७ चं नोबेल डेव्हिसन यांच्याबरोबर मिळालं. वडील तेव्हा हयात होते. बापाचं म्हणणं मुलानं खोटं पाडलं असं झालंच नाही; दोघांचेही प्रयोग आजवर खरे आहेत. आपल्या घरांतून दोन पिढ्यांत वाद झाला की एकानं हरावंच लागतं, म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष आवडली. असो.

आता मुख्य प्रयोग. १९८९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीतल्या अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फार सुंदर करून दाखवला. इलेक्ट्रॉनच्या वाटेत त्यांनी केसाहून कितीतरी बारीक अशी विद्युतभारित तार ठेवली. तिच्या डावीकडून एक वाट, उजवीकडून एक. इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की एका वेळी उपकरणात बहुधा एकच असे. पलीकडच्या पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका पडला, स्वच्छ, एका जागी. अर्धा इकडे अर्धा तिकडे असं कधी झालं नाही. पहिले दहा-अकरा ठिपके पाहिले तर वाटेल, मुलानं हात झटकून कुठेही शिंतोडे उडवलेत. २०० झाले तरी काही कळत नाही. ६,००० झाल्यावर डोळे बारीक केले तर काहीतरी रांगा भासतात. ४०,००० ला शंका उरत नाही, आणि १,४०,००० ठिपक्यांनंतर उभे काळे-पांढरे पट्टे लख्ख दिसतात. हे यंगचेच पट्टे!

आम्हा बायकांना हे चटकन समजलं, कारण ठिपक्यांची रांगोळी. फरक हा की आपल्या रांगोळीत काढणारीच्या डोक्यात नक्षी आधी असते. इथे प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला. आधीचा कुठे पडला हे त्याला कुणी सांगितलं नाही, पुढच्याला हा काही सांगून गेला नाही, आणि तरी सगळ्यांची मिळून नक्षी झाली. पट्टे पाहिले तर दोन्ही वाटा मोकळ्या असल्याची खूण त्यांत आहे, ठिपका पाहिला तर तो अखंड एक. याला कण म्हणायचं की लाट?

इथपर्यंतचा भाग निर्विवाद आहे. आपल्या इंदूरच्या टोकाला राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे, सगळे त्याला अजूनही कॅटच म्हणतात. तिथल्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण मिळवतात. ते किरण स्फटिकावर पडले की लाटांसारखी नक्षी देतात, आणि तीच नक्षी मोजणारी साधनं त्यांना एक, दोन, तीन असं कणांसारखं मोजू शकतात. तिथे काम करणाऱ्यांना याचं रोज नवल करत बसायला वेळ नसतो. नवल आणि घोटाळा, दोन्ही सुरू होतात ते 'याचा अर्थ काय' म्हटल्यावर.

घोटाळ्याचं पहिलं कारण आपल्या भाषेतच आहे. या गोष्टीला नाव पडलं 'तरंग-कण द्वैत'. द्वैत म्हटलं की आपल्या कानांना लगेच वेदान्त ऐकू येतो. मध्वाचार्यांचं द्वैत, शंकराचार्यांचं अद्वैत, जीव आणि ईश्वर वेगळे की एक. मग मनातल्या मनात जोडणी होते : विज्ञानाला द्वैत सापडलं, ते शेवटी एकच निघालं, झालं अद्वैत सिद्ध! पण इथल्या 'द्वैत' शब्दाचा जीव-ईश्वराशी काही संबंध नाही. इलेक्ट्रॉनबद्दल बोलताना आपल्याजवळचं एक चित्र पुरत नाही, दोन लागतात, एवढाच त्याचा अर्थ. नाव ठेवणाऱ्यानं दुसरं काही ठेवलं असतं तर निम्मे संदेश जन्मालाच आले नसते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण आपले दृष्टांत. पाणी आणि लाट हा कीर्तन-प्रवचनांतला सर्वांचा लाडका दृष्टांत. लाट पाण्याहून वेगळी नाही, तसा जीव ब्रह्माहून वेगळा नाही. फार सुंदर आहे. पण इलेक्ट्रॉनच्या लाटेला तो लावून बघा. ही लाट कशाची? १९२६ मध्ये माक्स बॉर्न यांनी जो अर्थ सांगितला तो आजही शिकवला जातो : लाटेच्या चढ-उतारावरून कळतं ते ठिपका कुठे पडण्याची शक्यता किती, एवढंच. खाली पाणी नाही. शक्यतेची लाट आहे. आणि दोरी-सापाचा दृष्टांत? दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. इथे दिवा आणल्यावर एक खरा आणि एक भास अशी वाटणी होत नाही. ठिपकाही खरा, पट्टेही खरे.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातल्या त्यात जवळची वाटते. एकाला खांब लागला, एकाला सूप. पण ते सगळे एकाच वेळी चाचपू शकत होते, आणि बोलून-चालून अख्खा हत्ती जुळवू शकत होते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते जमत नाही. कुठल्या वाटेनं गेला हे नोंदवायची सोय केली की पट्टे पुसट होऊ लागतात. वाट जितकी पक्की कळेल तितके पट्टे फिके, आणि वाट पूर्ण कळली की पट्टे पूर्ण मिटतात. दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. डेन्मार्कचे नील्स बोर यांनी सप्टेंबर १९२७ मध्ये इटलीतल्या कोमो इथे याला पूरकता हे नाव दिलं : दोन्ही वर्णनं लागतात, पण एकीसाठी मांडलेला प्रयोग दुसरीला जागा देत नाही. बोर यांना पुढे १९४७ मध्ये डेन्मार्कचा मोठा सन्मान मिळाला, त्याचं नाव 'ऑर्डर ऑफ द एलिफंट'. हत्तीनं तिथेही पाठ सोडली नाही! त्यासाठी मानचिन्ह करताना त्यांनी चिनी यिन-यांगचं वर्तुळ निवडलं.

आता तिसरं कारण, आणि खरं दुखणं इथेच आहे. 'पाहणं' हा शब्द.

संदेशात म्हटलेलं असतं, पाहिलं की कण होतो. वाचणाऱ्याला वाटतं डोळ्यांनी पाहिलं, मनानं लक्ष दिलं, जाणीव तिकडे गेली. प्रयोगात 'पाहणं' म्हणजे त्या इलेक्ट्रॉनची बाहेरच्या कशाशी तरी अशी गाठ पडणं, की तो कुठून गेला याची खूण मागे राहील. ती खूण कुणी वाचो न वाचो. व्हिएन्नाला २००४ मध्ये झालेला एक प्रयोग आम्हाला यासाठी फार मोलाचा वाटतो. तिथे कार्बनच्या सत्तर अणूंचे मोठे रेणू घेऊन लाटांसारखे पट्टे मिळवले. मग ते रेणू आधी लेझरनं तापवून सोडले. तापलेली वस्तू स्वतःच उजेड टाकते, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखी. रेणू जसजसे जास्त तापवले तसतसे पट्टे फिके होत जाऊन शेवटी नाहीसे झाले. त्या रेणूंनी टाकलेला उजेड टिपायला तिथे कुणीच बसलं नव्हतं. माणूस नाही, डोळा नाही, मन नाही. वाटेची बातमी उजेडाबरोबर आसमंतात निघून गेली, तेवढं पुरलं.

आणि माणूस असता, त्यानं मनापासून इच्छा केली असती, तरी? कुठला प्रयोग मांडायचा हे माणूस ठरवतो, हे खरं. वाट विचारायची की पट्टे, हे त्याच्या हातात आहे. पण पुढचा ठिपका अमुक जागी पडावा हे त्याच्या हातात अजिबात नाही. तोनोमुरांच्या पडद्यावर एकही ठिपका कुणाच्या संकल्पानं सरकला नाही. प्रश्न आपला, उत्तर आपलं नव्हे. 'मनानं जग घडतं' हे या प्रयोगातून काढणं म्हणजे देवळात घंटा वाजवली म्हणून पाऊस माझ्यामुळे पडला म्हणण्यासारखं आहे.

शास्त्रज्ञांतही याच्या अर्थावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. बोर आणि आइन्स्टाईन वर्षानुवर्षं भांडले, तेही प्रेमानं. १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी मांडलं की कण नेहमी कणच असतो, एक लाट त्याला वाट दाखवते. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी म्हटलं की सगळ्या शक्यता घडतात, वेगवेगळ्या शाखांत. आकडेमोडीत सारे एकाच उत्तराला येतात, अर्थात वेगळे पडतात. ज्यांनी आयुष्य घातलं ते इतकं जपून बोलतात, आणि आपण मात्र 'सिद्ध झालंय' असं छातीठोकपणे लिहून मोकळे.

मग प्रश्न राहतो तो आपला, सत्संगातल्या माणसांचा. आपल्या परंपरेचं मोठेपण सांगायला अशा आधाराची काठी घ्यावी का?

आमचं मत, नाही. आपल्याकडे दृष्टांत आणि प्रमाण हे दोन शब्द उगाच वेगळे नाहीत. दृष्टांत समजावण्यासाठी असतो, प्रमाण सिद्ध करण्यासाठी. कीर्तनकार लोण्याचा गोळा दाखवून वैराग्य सांगतात तेव्हा लोण्यानं वैराग्य सिद्ध होत नाही, आणि कुणी तसं समजतही नाही. तरंग-कण हा दृष्टांत म्हणून कुणाला आवडला तर जरूर वापरावा. डॉ. दौलतसिंह कोठारी हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिलेले. त्यांनी बोर यांच्या जन्मशताब्दीच्या ग्रंथात, १९८५ मध्ये, पूरकतेचं तत्त्व आणि जैनांचा स्याद्वाद यांची सांगड घालून लिहिलं. दोन विचार शेजारी ठेवून पाहणं वेगळं, आणि एकाचा शिक्का दुसऱ्यावर मारणं वेगळं. श्रोडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती हे तर सगळेच सांगतात. १९४४ च्या त्यांच्या 'व्हॉट इज लाइफ' या पुस्तकाच्या शेवटी उपनिषदांचा उल्लेख आहेच. पण १९२६ चं त्यांचं समीकरण उभं आहे ते गणितावर आणि प्रयोगांवर. उपनिषदांवर त्यांनी प्रेम केलं, त्यांना साक्षीदार म्हणून कोर्टात उभं केलं नाही.

आणि अशी काठी घेण्यात धोका आपल्यालाच आहे. एकोणिसाव्या शतकात सगळे शास्त्रज्ञ मानत होते की प्रकाशाच्या लाटा 'ईथर' नावाच्या सर्वव्यापी पदार्थातून जातात. तेव्हाही लेख आणि व्याख्यानं झाली की ईथर म्हणजेच आपलं आकाशतत्त्व, पाहा, विज्ञानानं मान्य केलं! १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी अतिशय नाजूक प्रयोग करून ईथर शोधला, तो सापडला नाही. १९०५ नंतर भौतिकशास्त्राला त्याची गरजच उरली नाही. आता त्या व्याख्यानांचं काय करायचं? ज्यांची आकाशतत्त्वावरची श्रद्धा ईथरवर टेकली होती त्यांची पंचाईत. ज्यांची उपासनेवर, अनुभवावर, गुरुवचनावर होती त्यांचं काही बिघडलं नाही. उद्या क्वांटमचा अर्थ बदलला तर आपण काय रोजची मानसपूजा थांबवणार आहोत?

दुसऱ्या बाजूचंही सांगून टाकतो. आमच्यातल्या एकींचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. हे सगळं ऐकून तो म्हणाला, मावशी, मग तुमचं नामस्मरणही असंच, विज्ञानात न बसणारं. त्याला म्हटलं, बाबा, या प्रयोगानं ते सिद्ध होत नाही हे खरं, तसं खोडलंही जात नाही. तोनोमुरांच्या पडद्यावर त्याबद्दल एकही ठिपका नाही. तो हसला, पण पटलं असावं, कारण दुसरी पोळी मागितली.

त्या ताईंना आम्ही काय सांगितलं? सगळं फिजिक्स काही सांगितलं नाही. एवढंच दाखवलं की द ब्रॉग्लींच्या सूत्रानं साठ किलोचं माणूस सावकाश चालत असेल तर त्याच्या 'लाटे'ची लांबी मीटरमध्ये लिहिताना दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं लागतात. अणूचं केंद्रसुद्धा त्यापुढे डोंगर. २०१९ मध्ये व्हिएन्नातच सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंचे पट्टे मिळाले, तो आजवरच्या मोठ्या पराक्रमांपैकी एक, आणि त्यालाही हवा काढून टाकलेलं उपकरण लागलं. शरीरातली एक पेशी त्याहून कितीतरी मोठी, उबदार, पाण्यानं भरलेली. तिथे 'वाईट पाहिलं म्हणून वाईट झालं' असं काही हे शास्त्र सांगत नाही. ताई, तुमचा आजार तुमच्या मनाचा गुन्हा नाही. नाम घ्या, मन शांत राहील, रात्र सोपी जाईल. आणि डॉक्टरांची गोळी वेळेवर घ्या. नामानं गोळीची जागा घ्यावी असं कुणी क्वांटमचं नाव घेऊन सांगत असेल तर त्याला फोनवरूनच नमस्कार करा. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे ३४ शून्यांचं मला कागदावर लिहून द्या, आमच्या ह्यांना दाखवते."

निव्वळ दृष्टांत म्हणून, प्रमाण म्हणून मुळीच नाही, एक गोष्ट आम्हा बायकांच्या बोलण्यात मात्र राहिली. विचारलं त्याच जातीचं उत्तर मिळतं. मुलाला रोज फोनवर 'जेवलास का' एवढंच विचारलं तर तो रोज 'हो' म्हणतो, आणि आपल्याला वाटतं त्याचं सगळं बरं चाललंय. सुनेला स्वयंपाकाबद्दलच विचारलं तर ती आपल्याला स्वयंपाकापुरतीच दिसणार. तिच्या ऑफिसातलं काही विचारायला प्रश्नच वेगळा मांडावा लागतो. यासाठी इलेक्ट्रॉनची साक्ष नको, घरातला अनुभव पुरे आहे.

गटप्रमुखांना एक विनंती. 'विज्ञानानं सिद्ध केलं' अशी सुरुवात असलेला संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी विचारा : कुणी, कुठे, कुठल्या साली? उत्तर नसेल तर तो आपल्यापाशीच राहू द्या. सत्य बोलण्याचा नियम आपण सगळ्यांनी घेतलाय, आणि बोट दाबून पुढे पाठवणं हेही बोलणंच आहे.

आणि सुट्टीत मुलं घरी असतील तर यंगचा प्रयोग घरीच करून बघा. लाल लेझरची छोटी टॉर्च घ्या. तिच्या तोंडावर मधोमध एक लांब केस उभा ताणून चिकटपट्टीनं चिकटवा. खोलीत अंधार करा आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर झोत सोडा. मोठ्या माणसानं जवळ उभं राहावं, झोत कुणाच्या डोळ्यांत जाता कामा नये, आरशावर तर मुळीच नाही. भिंतीवर केसाची सावली दिसेल असं वाटतं. दिसते ती लाल तुकड्यांची आडवी रांग, मध्ये काळ्या फटी. दोन काळ्या फटींमधलं अंतर मुलांना पट्टीनं मोजू द्या (मधला सर्वांत उजळ तुकडा सोडून), साधारण दोन ते चार सेंटिमीटर भरेल. टॉर्चच्या चिठ्ठीवर तरंगलांबी छापलेली असते, बहुधा ६५० नॅनोमीटर. तिला भिंतीपर्यंतच्या अंतरानं गुणून फटींमधल्या अंतरानं भागलं की केसाची जाडी निघते. तीन मीटर आणि तीन सेंटिमीटर असेल तर जाडी येते ०.०६५ मिलिमीटर. केस जितका बारीक तितक्या फटी लांब लांब. आजीचा, आईचा, नातीचा, तिघींचा केस लावून पाहा आणि आकडे गटावर टाका. सर्वांत बारीक केस कुणाच्या घरी निघतो ते बघू.